भादव्यातली हळद

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि प्रगतीची बोटं मांडीवर हलू लागली. एक बोट शब्दाच्या पुढच्या भागाला, एक मधल्याला, एक शेपटाला. ही तिची खोड तलासरीच्या नर्सिंगच्या वर्गातली. निर्मला सिस्टर फळ्यावर हातभर लांबीचा इंग्रजी शब्द लिहायच्या आणि म्हणायच्या, घाबरू नका, चिकूसारखा हाताने फोडा, आत दोन-तीन बियाच निघतात. कार्डिओ म्हणजे हृदय, हेपॅटो म्हणजे यकृत, मेगाली म्हणजे वाढलेलं. ग्रीक आणि लॅटिन बोलणारी माणसं कुठली, कधीची, हे वर्गात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या बिया पाड्यावरून आलेल्या प्रगतीला भराभर सापडत गेल्या, आणि दहावीला इंग्रजीत जेमतेम तरलेली ही पोर दुसऱ्या वर्षाला पहिल्या बाकावर जाऊन बसली.

सुट्टीत घरी आली की तिचा बाप, सुक्या, औषधाचं पाकीट पुढे करायचा आणि फोड म्हणायचा. एकदा तिने अँटिबायोटिक फोडून दाखवला. अँटी म्हणजे विरुद्ध, बायो म्हणजे जीव. डोळ्यांत पाणी येईतो सुक्या हसला. जिवाच्या विरुद्धची गोळी बापाला देतेस आणि वर शिकलेली म्हणवतेस, असं त्याने चार घरी सांगितलं. त्याला शब्दांचं फारसं काही नव्हतं. लेक बोटं हलवत विचार करते, ते बघायला त्याला आवडायचं.

आज तो तिच्या शेजारीच बसला होता, पोटावर हात धरून. गुजरातच्या हद्दीतला मोठा दवाखाना, समोर दोन डॉक्टर, आणि ते आपसात इंग्रजीत बोलत होते. कापडी पिशवी घेऊन स्टुलावर बसलेली ही मुलगी काय शिकते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हेपॅटोमेगाली तिने ऐकताक्षणीच फोडला. मग मेटास्टॅसिस आला. मेटा म्हणजे पलीकडे, स्टॅसिस म्हणजे उभं राहणं. आजार आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन उभा राहिला होता. मग थोरले डॉक्टर फिल्म खाली ठेवत म्हणाले, ओन्ली पॅलिएटिव्ह. फार तर दोन महिने.

पॅलिएटिव्ह सिस्टरांनी मागच्याच महिन्यात शिकवला होता. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांघरूण. माणूस बरा होणार नसला की त्याचं दुखणं तेवढं झाकायचं. प्रगतीची बोटं मांडीवर थांबली.

डॉक्टर त्यांच्याकडे वळून गुजराती मिसळलेल्या हिंदीत नीट सांगू लागले. दुखेल तेव्हा या गोळ्या द्या, आवडेल ते खाऊ द्या, आणि मोठा मुलगा असेल तर त्याला एकदा भेटायला पाठवा. मोठा मुलगा धनेश कंपनीत पाळीवर होता. बाहेर आल्यावर दाराशी थांबलेली प्रगतीची आई लाडकी पदराचं टोक हातात धरून तिच्यासमोर उभी राहिली.

"काय सांगला डाक्तरने?"

"गोळ्या दिल्यात, आय. घरी जायचं."

एसटीत सुक्याला खिडकीशी बसवून ती मागे बसली. हायवेवर कंटेनर एकामागून एक पाणी उडवत चालले होते. तिला आपल्या शिक्षणाचा राग आला. आपण शिकलोच नसतो तर निदान धनेश डॉक्टरांना भेटून येईपर्यंत आपल्या लेखी बाप बरा होणार होता. सांगावं तर कुठल्या तोंडाने, आणि न सांगावं तर माघाचं काय, हेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

येत्या माघात सुक्याचं आणि लाडकीचं लग्न लागायचं होतं. त्यांच्यात याचं नवल नव्हतं. मन बसलं, घर मांडलं, पोरं झाली, आणि हळद मात्र राहून गेली. एका साली भात बुडालं, एका साली सुक्याचा भाऊ गेला, मग सवयच पडली. पण आईबापांच्या आधी पोराचं लग्न लावायची रीत नाही. धनेशचं जमलं तशी एकाच मांडवात दोन्ही लग्नं ठरली, आणि म्हातारा नवरदेव म्हणून पाड्याने सुक्याला चिडवून घेतलं. दुसऱ्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायला सवाशिणी बसत. हळद न लागलेल्या बाईचा हात चौकाला लागत नाही, म्हणून लाडकी आपली तांदूळ भिजत घालून, वाटून, पिठाचं भांडं दारातून आत द्यायची. तेवढं काम तिच्याकडे असायचं. तिला एकदा स्वतःच्या चौकापुढे बसायचं होतं.

आता बाप माघाआधी गेला तर ती तशीच दाराबाहेर राहणार, हे प्रगतीला स्पष्ट दिसत होतं.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. सुक्या कुडाला टेकून बसला. लाडकीने चूल पेटवली. प्रगतीने वाटेत जुळवलेलं वाक्य तिघांत टाकलं.

"आय, तुमचं लगीन माघापर्यंत कशाला ठेवायचं? याच आठवड्यात लावू. नवशी धवलेरीला मी सांगून येते."

नवशी लग्नाची गाणी म्हणत लग्न लावणारी पाड्यावरची बाई. तिला भादव्यात बोलावणं कोणी कधी ऐकलं नव्हतं. लाडकीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"भात अजून शेतात उभं हाय, बाय. पावसात कोण लगीन लावतं?"

प्रगती म्हणाली की माघात तिची परीक्षा आहे, रजा मिळणार नाही. बोलताना तिने आईकडे पाहिलं नाही. लाडकी मात्र तिच्याकडेच बघत राहिली. धनेशची तारीख ठरली तेव्हा परीक्षेची गोष्ट कुठेच निघाली नव्हती.

"लाव," सुक्या म्हणाला. "तो डाक्तर बोलत होता तवा तुझी बोटं हलत होती. मागून थांबली."

प्रगतीने बोटं मुठीत मिटली.

"धनेशचं माघातच करा," तो म्हणाला. "माझ्यासाठी वरीसभर थांबवू नका."

लाडकी रडली नाही. ती उठली, कणगीत तळाला राहिलेल्या भातात हात घालून अंदाज घेतला, मग भिंतीवरचं सूप काढलं. कांडून-सडून ठेवलेले तांदूळ तिने सुपात घेतले, पाखडले, निवडले आणि टोपात पाणी घालून भिजत टाकले. आजवर दुसऱ्यांच्या दारी केलं तसंच. लग्नाचा दिवस ठरायचा होता, नवशीला सांगणंही व्हायचं होतं, एवढ्यात तांदूळ भिजवायची काही गरज नव्हती. ती टोपाशी बसून राहिली, हात पाण्यातच.

"शेवटचा शब्द काय निघाला?" सुक्याने विचारलं.

प्रगतीला वाटलं काहीतरी दुसरं सांगावं. पण त्याला तिची बोटं वाचता येत होती.

"पांघरूण, बा."

सुक्याच्या तोंडावर थट्टेची छटा येऊन गेली.

"मंग घाल की. बसलीस काय? थंडी वाजते."

तिने वळणीवरची गोधडी काढली आणि त्याच्या पायांपासून छातीपर्यंत नीट ओढली.