खुर्ची पाचरची, सांधे माझे

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मग माझ्याजवळ बसा. मी सरसाची तपेली आहे. तुम्ही ज्या दारातून या सुतारखान्यात आलात, त्या दारापेक्षा मी वयाने मोठी आहे. त्याचे सांधेसुद्धा माझ्याच पोटातल्या सरसाने जुळवलेले आहेत. दाराला हे आठवत नाही, ते सोडा.

सरस म्हणजे लाकूड लाकडाला धरून ठेवणारा सुताराचा गोंद. जनावरांची कातडी आणि हाडे शिजवून तो काढतात, म्हणून त्याला वास येतो. बाजारात त्याचे पिवळे, काचेसारखे खडे मिळतात. ते पाण्यात भिजवायचे, फुगले की माझ्यात घालायचे, मला पाण्याच्या लोखंडी पातेल्यात ठेवायचे आणि ते पातेले शेगडीवर. आच मला थेट लागू द्यायची नसते. आमचे मिस्त्री प्रत्येकाला बजावत, "सरस तापवायचा, उकळायचा नाही. उकळला की मेला. चिकटल्यासारखं दाखवतो आणि ऐन वेळी हात सोडतो."

चाळीस वर्षे मी या खोलीची मालकीण होते. सकाळी मिस्त्री आले की चपला काढायच्या आधी मला पाहत. खुर्च्या, पेट्या, पाळणे, किती म्हणून सांगू? एकदा गाऊन उपदेश करणाऱ्या एका म्हाताऱ्या गवयांचे वाद्य मानेपाशी मोडले. मिस्त्रींचा त्यांच्यावर फार जीव. सुट्टीच्या दिवशी गवयांच्या गाण्याला मिस्त्री दोन तास आधी जाऊन पुढची जागा धरत. त्यांनी ते वाद्य माझ्या सरसाने असे सांधले की गवयांना मोड शोधून सापडेना. मग याच पाटावर बसून गवयांनी ते वाजवले आणि गायले,

*फुले मिरवती हारामधली, दोरा कोणी पाहीना;*
*धरून ठेवी जो सगळ्यांना, नाव तयाचे घेईना.*

गवई म्हणाले, हा दोरा म्हणजे देव. देवाची क्षमा मागून सांगते, त्या दिवसापासून मला वाटू लागले की दोरा म्हणजे मीच.

आणि मग ती आली. पांढरी बाटली.

मिस्त्रींच्या मुलाने आणली. "बाबा, भिजवायला नको, तापवायला नको, वास नाही. नुसती दाबली की झालं." दाबली की झालं! चाळीस वर्षे मी पोळून निघाले, काजळीने काळी पडले आणि ही बया कंबर दाबून घेऊन मोठी झाली! महिन्याभरात माझी रवानगी वरच्या फळीवर, मोडक्या रंध्यांच्या पंगतीला. ती खाली, हाताशी. मित्रांनो, लोक म्हणतात अंगाचा तिळपापड होतो. माझा तर आच नसतानाही होत होता. तिच्या तोंडाशी गोंद वाळून ती तुंबली की मी दिवसभर आनंदात असे. मग मुलगा खिळ्याने तोंड मोकळे करी आणि माझा आनंद संपे.

एवढ्यावर भागले असते तर बरे. पण मला आणखी एक वैरीण मिळायची होती.

ती म्हणजे मिस्त्रींची नात, मुलाची मुलगी. तिला सगळे पाचर म्हणत. पाचर म्हणजे सांधा घट्ट बसावा म्हणून ठोकतात तो लाकडाचा छोटासा तुकडा. नाव आजोबांनीच ठेवले होते, कारण ती कुणाच्याही मधे जाऊन घट्ट बसे. माझ्या आणि मिस्त्रींच्या मधेही ती अशीच बसली. सात वर्षांची होती, पण चार वर्षांच्या मुलीएवढी दिसे. पाठ आखूड, चाल बदकासारखी. थोडे चालली की कंबर दुखे. जीभ मात्र वयापेक्षा दहा वर्षांनी पुढे.

मिस्त्री आता आल्या आल्या मला पाहत नसत, तिला पाहत. "आज दुखतंय का गं?" हा प्रश्न मला कुणी चाळीस वर्षांत विचारला नव्हता.

एका सकाळी पाचर दप्तरासकट सुतारखान्यात आली. मागून तिची आई, हातात शाळेची चिठ्ठी. वर्गातल्या बाकावर पाचरचे पाय लोंबकळत आणि दुपारपर्यंत कंबर इतकी दुखे की ती रडायला लागे. शाळेच्या बाईंनी लिहिले होते, थोडी उंच झाली की पाठवा, तोवर घरीच असू द्या.

"आणि मी उंच झालेच नाही तर?" पाचरने विचारले.

मिस्त्री रंध्यावरचा भुसा झटकत राहिले, तिथे भुसा नसतानाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई हाडांच्या दवाखान्यातून परत आली आणि सासऱ्यांना सांगू लागली, "बाबा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या हाडांच्या टोकाशी जी मऊ कूर्चा असते ना, त्यातला धागाच कच्चा आहे. कोलॅजन का काय म्हणाल्या. तुमच्या सरसात असतं म्हणे, तसंच काहीतरी."

मिस्त्रींचे डोळे एकदम माझ्या फळीकडे वळले. मित्रांनो, तो क्षण मी आजही विसरलेले नाही.

आईची पाठ वळताच त्यांनी मला खाली काढले. चिंचेने घासले. माझे तांबे इतके झळाळले की बाटलीचा फिका चेहरा माझ्यात दिसू लागला. बघ म्हटले, बघ! उत्तम, स्वच्छ खडे भिजवले, मंद तापवले, वर साखर घातली. मग पाचरला समोर बसवून त्यांनी चमचा पुढे केला. म्हणाले, "डोळे मीट आणि गीळ. चाळीस वर्षं लाकडं धरली हिने, तुझी हाडं धरणार नाही होय?"

"आजोबा, मी खुर्ची आहे का?"

"एकच चमचा."

"नाक धरलं तरी वास येतोय! तोंडातून वास येतोय!"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मिस्त्री, काय चाललंय हे?" हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या. दवाखान्यातल्या खाटेपाशी ठेवायची पायरी त्यांनी करायला टाकली होती, ती न्यायला आल्या होत्या. मिस्त्रींनी चमचा पाठीमागे लपवला. चाळीस वर्षे मुरलेला कारागीर, पण चेहरा साखर चोरलेल्या पोराचा.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या आणि त्यांनी पाचरचा कान धरला, हळूच. "हा वाकतो ना? ही कूर्चा. आईच्या पोटात बाळाचा बहुतेक सांगाडा आधी असाच मऊ असतो. मग त्या साच्यावर हाड धरत जातं. टोकाशी थोडी कूर्चा राहते, तिथून मूल वाढतं. या कूर्चेला आकार देतो तो कोलॅजनचा धागा. तीन पदर एकमेकांत पिळलेले, दोरीसारखे. पाचरच्या अंगात त्या पिळाचा नमुनाच जन्मापासून एका जागी चुकलाय. म्हणून पीळ सैल बसतो, कूर्चा दबते आणि हाडांची टोकं नीट घडत नाहीत."

"मग हे दिलं तर?" मिस्त्रींनी चमचा पुढे आणला. "धागा तोच ना?"

"चुलत भावंडं म्हणा. पण पोटात गेलं की त्याचा भुगा होतो, मिस्त्री. भुशापासून पुन्हा फळी करता येते का तुम्हाला?"

मिस्त्रींनी मान हलवली. मग फार हळू विचारले, "चूक कुणाची, बाई? माझ्या मुलाची? सुनेची?"

"कुणाचीच नाही. आणि दुरुस्त करायचं औषध आज माझ्याकडे नाही. पण तिचे पाय लोंबकळायला नकोत. तळवे टेकलेले हवेत, पाठीला आधार हवा. हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल."

मी पुन्हा फळीवर गेले. झळाळणारे तांबे घेऊन. साखरेमुळे मुंग्या लागल्या, तो अपमान वेगळाच.

पाचरसाठी खुर्ची झाली. देखणी, तिच्या मापाची, पाय टेकायला फळी, खांद्यापर्यंत पाठ. मुलाने केली, पांढऱ्या बाटलीने. पाचर तिच्यावर बसली, तिने दोन्ही तळवे फळीवर आपटले आणि ओरडली, "टेकले!" खुर्ची शाळेत गेली, पाचरही गेली. सगळे बाटलीला शाबासकी देत होते, निदान मला तरी तसे ऐकू येत होते. मी देवाला म्हटले, एवढी एक खुर्ची मोडू दे.

मित्रांनो, असली प्रार्थना कधी करू नये. देव कधी कधी ऐकतो.

पाचर वाढत होती, कासवाच्या चालीने, पण वाढत होती. आठ महिन्यांत पायाखालची फळी तिला बोटभर उंच पडू लागली, पाठ चुकीच्या जागी टोचू लागली. कंबर पुन्हा दुखू लागली. मुलाने सांधे उघडायला घेतले. पण बाटलीचा गोंद एकदा धरला की सोडत नाही. त्याने लाकडी मोगरी मारली तेव्हा सांधा उघडला नाही, लाकूडच उभे चिरले. मग स्क्रूची खुर्ची केली. ती आठवड्यात डुगडुगू लागली, आणि प्रत्येक हेलकाव्याला पाचर ओठ चावी.

पहिली खुर्ची चिरली तेव्हा मी फळीवर हसले होते. मग खाली पाहिले. पाचर दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. आजही शाळा नाही हे तिला कळले होते. ती रडत नव्हती. चिरलेला तुकडा उचलून तो दुसऱ्याशी जुळतो का, ते पाहत होती. मला माझी प्रार्थना आठवली.

स्क्रूची खुर्चीही फसली तेव्हा मिस्त्रींनी ते चिरलेले तुकडे पुढ्यात घेतले. मग म्हणाले, "बाटली धरते, पण ऐकत नाही. आपल्याला धरणारं हवं आणि सांगितलं की सोडणारंही हवं." आणि त्यांनी वर हात केला.

कारण मित्रांनो, माझ्या सरसाचे हेच तर आहे. कोरडा असेपर्यंत तो हूं की चूं करत नाही. सांध्यावर गरम ओले फडके धरून ठेवा, तो हळूहळू मऊ होतो, लाकूड न चिरता हात सोडतो. माप बदला, पुन्हा लावा, पुन्हा धरतो.

तुम्हाला वाटेल, मी आता शहाणी झाले असेन. छे! शेगडीवर चढताच सगळा जुना राग वर आला. आठवण झाली का आता? मुंग्यांना घातले होते मला, तेव्हा? त्यात मिस्त्री माप घेण्यात गुंतलेले, पातेल्यातले पाणी आटले, आच थेट तळाला लागली आणि मी उकळले. चांगली खदखदून उकळले. सगळा सरस मेला. मिस्त्रींनी लाकडाच्या दोन चिपा चिकटवून पाहिल्या, वाळल्यावर बोटाने ढकलल्या, निखळल्या. त्यांनी मला ओतून टाकले. ही खुर्ची झाली असती, तर पाचर भर वर्गात पडली असती. रागाच्या भरात मीही शेवटी भुसाच करून ठेवला होता.

पुन्हा खडे भिजले. या वेळी मिस्त्रींनी पाचरला बुटक्या पाटावर शेगडीसमोर बसवले. "मला वाकून बघायला होत नाही. तुझे डोळे बरोबर हिच्या तोंडाशी येतात. बुडबुडा दिसला की सांग."

इतक्या वर्षांत माझ्याकडे सगळ्यांनी वरून पाहिले होते. समोरून पाहणारी ही पहिलीच. आम्ही दोघी एकमेकींकडे टक लावून बसलो. पातेल्यातले पाणी कमी झाले की ती वाटीने घाली. मधेच आजोबांकडून ऐकलेल्या चालीवर "दोरा कोणी पाहीना" गुणगुणे. एकदा बाटलीकडे माझे लक्ष गेले आणि काठाशी एक बुडबुडा आलाच.

"आजोबा, हिला राग येतोय!"

मिस्त्रींनी मला उचलले. पाचरने माझ्यावर फुंकर घातली, गरम दुधावर घालतात तशी. मित्रांनो, मी तांब्याची आहे. पण त्या फुंकरीने मी आत कुठेतरी वाकले, तिच्या कानासारखी.

खुर्ची झाली. शिकंज्यात एक दिवस आवळून ठेवली, मग शाळेत गेली. तेव्हापासून वर्षातून एकदा परत येते. गरम फडकी, सांधे उघडतात, फळी बोटभर खाली सरकते, पुन्हा सरस. अशी आठ वर्षे झाली. मिस्त्री आता खुर्चीवर बसून नुसत्या सूचना देतात. सरस पाचर तापवते. पाट तोच आहे, कारण तिला उंच पाट लागलाच नाही. मधे तिच्या कमरेची शस्त्रक्रिया झाली, आता काठी घेऊन चालते. पुढच्या वर्षी शाळा संपेल. शाळेच्या त्याच बाईंनी परवा आणखी दोन मुलांची मापे पाठवली आहेत. चिठ्ठीत लिहिले आहे, मुलं थांबलीत, खुर्च्या लवकर द्या.

तर मित्रांनो, बाक कुणाला मोठे होत असेल, तर ते मूल वाढायची वाट पाहू नका. बाक खाली आणा. आणि तुमच्या अंगात जो अदृश्य दोरा पहाटेपासून तुम्हाला धरून उभा आहे, तो नीट पिळणाऱ्या त्या वरच्या मिस्त्रीला एकदा तरी नमस्कार करा. ज्यांचा पीळ सैल आहे, त्यांना इथे खाली हात द्यायला त्याने आपल्याला ठेवले आहे.

माझा मत्सर गेला का, असे विचाराल. बाटलीचा गेला. तिचे तोंड कायमचे तुंबले. पाचरने तिचा गळा कापून त्यात माझे ब्रश ठेवलेत, त्यामुळे आता ती माझ्या घरची झाली. पण खरे सांगू? आता मला त्या खुर्चीचा हेवा वाटतो. सांधे माझे, आणि रोज पाचरबरोबर शाळेत ती जाते. मी इथे बसून वाट पाहते, काठीचा आवाज कधी येतो त्याची.

आला बघा. उठा आता, तिच्या पाटावरून उठा. आणि जाता जाता पातेल्यात थोडे पाणी घाला, मला पुन्हा उकळायचे नाही.