दोन्हीकडून उघडणारं दार

पालघरजवळच्या माहीमला आमच्या पानवेलींच्या मांडवाला झावळ्यांच्या झापाचं दार आहे. ते बाहेरून बांधतात. आत कुणी राहिलं तर ते हाक मारतं.

सत्काराचा नारळ सोललेला चालेल की शेंडीचा हवा, हे माझ्या भावाच्या कंपनीने फोन करून विचारलं.

बोईसरला वारा पडला की बायका वाळत घातलेले कपडे आत घेतात. पाऊस नसतो, कारखान्यांचा धूर खाली बसतो.

फळ्यावर दोन रूळ. एकावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. गाडी येते आहे. सांधा बदलाल का? वर्गातले बहुतेक हात वर. मागच्या बाकावरून रूपलने विचारलं, "मॅडम, तो एक ओळखीचा असला तर?" सगळे हसले. मीही.

नामदेवचा आवाज घोगरा होता. लोखंडी दारामागून तो कसा ऐकू आला असेल, हे मला माहीत नाही. माझ्या भावाला माहीत आहे.

*

मनीष माझा धाकटा भाऊ. तारापूरच्या एका रसायन कारखान्यात पाळीप्रमुख. जानेवारीत तिथे वायू सुटला. मनीषने विभागाचं दार ओढून बंद केलं. बाहेरची अकरा माणसं वाचली. आत नामदेव होता. त्याच्याच पाळीतला, जालन्याकडचा. तो गेला. सुटीला मनीषबरोबर आमच्या वाडीत यायचा आणि समुद्राकडे बघून हसायचा. म्हणायचा, "एवढं पाणी, अन् घोटभर पिता येईना!"

आता मार्चमध्ये, सुरक्षा दिनाला, कंपनी मनीषचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहे. पहिल्या रांगेत नामदेवची बायको रखमा बसणार. मनीषने दोन शब्द बोलायचे. म्हणून तो पालघरला माझ्याकडे आला, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बहिणीकडे.

"ताई, तू सांग, मी बरोबर केलं का? बरोबर असंल तर जाऊन उभा रातो. नायतर नाय जात."

*

"जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त भलं," मी म्हटलं. "या विचाराने तू बरोबर आहेस."

"मग तोंड असं का केलंस?"

हे तत्त्व मी वर्षानुवर्षं शिकवते. शिकवून आल्यावर व्यवस्थित जेवते. त्या दिवशी ताटातला भात चिवडत बसले.

"दुसरे म्हणतात, माणसाला साधन करायचं नाही. कितीही लोकांचं भलं होत असलं तरी."

"मी नामदेवला साधन केला?"

"नाही. म्हणजे, त्याच्या मरण्याने कुणी वाचलं नाही. दार लागल्याने वाचलं. त्याचं मरण तुला नको होतं, फक्त..."

"पोरांकडून फी घेऊन हेच सांगतंस?"

मग मी तिसरीकडून गेले. "तू ठरवून लावलंस का दार?"

"हात गेला. गेला ते मागनं कळलं."

"मग कदाचित तू केलंच नाहीस. कारणामागे कारण असतं, त्यातलं शेवटचं म्हणजे तुझा हात."

"हात कोणाचा व्हता मग? साहेबाचा?" तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "त्यानं हाक मारली गो. माझ्या नावानं. त्याला कसं कळलं, बाहेर मीच हाय म्हणून?"

*

शेवटचं म्हणून मी त्याला अज्ञानाच्या पडद्याची गोष्ट सांगितली. नियम करणाऱ्यांना आपण कोण असणार हे आधी ठाऊक नसेल, तरच ते न्यायाने नियम करतील. मला ही कल्पना फार आवडते. वर्गात सांगताना माझा आवाज बदलतो.

"समज, आत कोण असणार आणि बाहेर कोण, हे तुला माहीत नाही. कदाचित तूच आत. मग तू दार कसं केलं असतंस?"

मनीषला विचार करावा लागला नाही. "दोन्हीकडून उघडणारं."

मी चमचा खाली ठेवला. "ते नव्हतं?"

"आतली मूठ तुटलेली. मी सांगितलेलं, तोंडी. दुरुस्तीच्या शटडाऊनला बघू म्हणाले."

फळ्यावरचे ते रूळ. रुळावर माणसं आणून कुणी ठेवली, हे मी एकाही वर्गाला विचारलं नव्हतं. नुसता सांधा बदलायला लावत होते.

*

भाषण, पहिला खर्डा: मी माझं कर्तव्य केलं.

दुसरा खर्डा: नामदेव माझा मित्र होता.

तिसरा खर्डा, माझ्या अक्षरात: दार आतून उघडत नव्हतं. हे मी आधी सांगितलं होतं.

"नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. वाडी हाय." त्याने कागद खिशात घातला. "पण पयलं रखमावयनीला सांगायला पायजे."

*

सरावलीला रखमाच्या खोलीत आम्ही खाली सतरंजीवर बसलो. मनीषने सांगितलं. ती ऐकत होती.

"म्हंजी आतून धडका मारल्या असतील त्यांनी."

मनीषने होकारार्थी मान हलवली.

मग ती म्हणाली, "भाऊजी, तिथं हे बोलू नका. मला कँटीनला घेतो म्हणलेत. पोरीची शाळा इथंच हाये. तुम्ही बोललात तर मला कोण घेईल?"

"पण नामदेवनं..."

"त्यांनी काय ते केलं. तुम्ही शाल घ्या. ताई, तुम्ही सांगा की यांना."

राज्य संमतीवर उभं असतं, असं मी पहिल्या वर्षाला शिकवते. संमती दिसते कशी, हे मुलांनी कधी विचारलं नाही. तिने पदर खोचला आणि चहा ठेवायला उठली.

मी मनीषला काहीच सांगितलं नाही. तेही एक सांगणंच होतं.

*

कारखान्यात गाड्या लावतात तिथे मांडव. प्लास्टिकच्या खुर्च्या. शेंडीचा नारळ. साहेबांनी शाल पांघरवली तेव्हा मनीषचे खांदे आखडले. माईक हातात आल्यावर त्याचा दुसरा हात खिशाकडे गेला. रखमा त्याच्याकडे बघत होती. नको म्हणून अगदी थोडी मान हलवली तिने.

"कंपनीचे आभार," तो म्हणाला आणि खाली बसला.

टाळ्या झाल्या. रखमानेही वाजवल्या.

परतताना उमरोळीला त्याने मोटरसायकल थांबवली. शाल काढून, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

"आता सांग. बरोबर केलं का?"

"कुठलं?" मी विचारलं.

त्याने पुन्हा किक मारली.

त्या दाराची आतल्या बाजूची नवी मूठ गेल्या दिवाळीच्या आधीच आली होती, हे नंतर कळलं. स्क्रूंसकट, प्लास्टिकच्या पिशवीत, ती कारखान्याच्या स्टोअरच्या कपाटात पडून होती.