सोळावं कलम

लीनाच्या देशाचं नाव मी सांगणार नाही, तिची मुलगी अजून तिथेच आहे. धर्माचंही नको. घटनेत एका धर्माला गादीवर बसवलं की तो कुठला आहे यानं बायकांना फारसा फरक पडत नाही. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या डॉक्टरणीचं हे मत आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

लीना अमेरिकेत, ॲन आर्बरला आमच्या बेसमेंटमध्ये राहते, युनिव्हर्सिटीत घटनेचा कायदा शिकवते. तिच्या चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न बापानं ठरवलं होतं, येत्या शुक्रवारी. धर्माचं कोर्ट म्हणालं, बापाची संमती पुरे. घटनेत समानता आहे, पण राज्यधर्माच्या मर्यादेत.

उरला एकच मार्ग. स्त्रियांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर त्या देशाचीही सही आहे आणि त्या कराराची जिनिव्हातली समिती बुधवारी त्या सरकारची झाडाझडती घेणार होती. माझी वकील मुलगी अनया आणि लीना, दोघींनी राबून समितीला अहवाल पाठवला. सरकारनं सगळ्यांसमोर 'अशी लग्नं बेकायदा' एवढं म्हटलं, की लीनाचा तिथला वकील तेच वाक्य घेऊन वरच्या कोर्टात धावणार होता.

बुधवारी सकाळी आम्ही तिघी लॅपटॉपसमोर बसलो. समिती कराराची कलमं क्रमानं घेते. लग्नाचं कलम सोळावं, म्हणजे अगदी शेवटी. सरकारच्या साहेबांना ते पक्कं ठाऊक. शाळांवर बोलले, दवाखान्यांवर बोलले, खेड्यातल्या बायकांना वाटलेल्या शिलाई मशिनांवर तर इतके रेंगाळले, की स्क्रीनमध्ये हात घालून त्यांची मान धरावीशी वाटली मला.

शेवटी एका सदस्यबाईंनी विचारलंच.

"आई, शी आस्क्ड इट! आपलाच पॅरा वाचला तिने!" अनया ओरडली.

लीनानं माझा हात घट्ट धरला. साहेबांनी माइक सुरू केला, समितीचे आभार मानले, मग आपल्या शिष्टमंडळाचे मानले. अध्यक्षबाईंनी मध्येच थांबवलं. वेळ संपली होती. उत्तर दोन दिवसांत लेखी द्यावं.

"दोन दिवस म्हणजे फ्रायडे," अनया म्हणाली. "ओह गॉड, आई, तोवर लग्न उरकलेलं असेल."

आजवर दोनदा लीनाच्या मुलीनं आईला विचारलं होतं, पळून जाऊ का? दोन्ही वेळा लीनानं तिला थांबवलं होतं, कायदा आहे म्हणून. आता तिनं मुलीला फोन लावला. त्यांची भाषा मला कळत नाही. लीना जेमतेम दोन वाक्यं बोलली आणि तिनं फोन ठेवला.

"व्हॉट डिड यू टेल हर?" अनयानं विचारलं.

"आत्ताच्या आत्ता घर सोड म्हटलं," लीना म्हणाली. "आणि कुठे जाते आहेस, ते मलाही सांगू नकोस."