डॅडींचे ब्रेक

गेली अकरा वर्षं मी माझ्या वडिलांना गावोगाव ठार मारत हिंडते आहे. ओंडक्यांनी भरलेला त्यांचा ट्रक डोंगराच्या वळणावर ब्रेक निकामी होऊन खाली जातो. आई स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसलेली असते आणि चौथ्या कडव्यात तिच्या हातातलं भांडं पडतं. मी केंटकीतल्या डोंगरातली. रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही. गिटार, जुनी व्हॅन आणि मुख्यतः हे एक गाणं, एवढ्यावर माझं बरं चाललंय.

आमच्याकडे गाण्याआधी ते कुठून आलं हे सांगायची रीत आहे. ओहायोतल्या एका गावात हे पहिल्यांदा गाताना मी सांगून बसले, "ही आमच्या घरची गोष्ट." लोक रडले. नंतर सीडीच्या टेबलाशी एका बाईनं माझे दोन्ही हात धरले. ‘डॅडी मजेत आहेत, बीगल कुत्री पाळतात,’ हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. तेव्हापासून तीच थाप चालू आहे.

म्हणून गावी मी कधी गायले नाही. विचारलं की तारखा जुळत नाहीत म्हणायचे. या जूनमध्ये चर्चच्या वार्षिक जेवणासाठी मावशीचा फोन आला. "आर्डिथ, सगळ्या जगाला गाणं ऐकवतेस, आम्हीच काय घोडं मारलंय तुझं?" नाही म्हणायला तोंड उरलं नाही. ते गाणं तेवढं गायचं नाही, असं ठरवून गेले.

डॅडी पुढच्याच खुर्चीत होते, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. फोनवर मला "जरा खोकला आहे" एवढंच सांगितलेलं. मी पाच गाणी म्हटली. मग मागून मावशीचा आवाज आला, "ते ट्रकचं म्हण की गं."

मी उगाच गिटारच्या तारा जुळवू लागले.

"म्हण," डॅडी म्हणाले. "मी मेल्याचं."

सगळे हसले. अख्ख्या गावाला माहीत होतं. रेडिओ काय फक्त ओहायोतच लागतो?

"डॅडी, चुकलं माझं."

"मारलंस त्याचं काही नाही. गाण्यात कुणीतरी मरायलाच लागतं. पण ब्रेक? एकतीस वर्षं दर शनिवारी त्या गाडीखाली आडवा व्हायचो मी. लोक काय म्हणतील, वर्लिन साइझमोर गाडीकडे बघत नव्हता?"

"मग काय करू?"

"रस्त्यावर बर्फ घाल. बर्फापुढे कुणाचं चालतं?"

मी बर्फ घातला. ओळ आधीपेक्षा चांगलीच बसली, हे कबूल करायला हवं. रीतीप्रमाणे सांगितलं, "हे मी रचलं. यातला माणूस समोर बसलाय." तीन कडवी नीट झाली. चौथ्या, शेवटच्या कडव्याला ती नळी नजरेस पडली आणि माझा आवाजच फुटेना. बोटं तेवढी तारांवर चालत राहिली.

डॅडींनी कडवं उचललं. शब्दन्‌शब्द पाठ होता. दर ओळीनंतर ते श्वासाला थांबायचे, तिथे मीही थांबायचे. मला इतकी लाज आणि इतकी माया एकदम कधीच वाटली नव्हती.

गाणं संपलं. नाकावरची नळी नीट करत ते म्हणाले, "शेवटचं कडवं घोटून ठेव, पोरी. मी खरंच गेलो की ते तुलाच म्हणायचंय."