कागदावरची तीन वर्षं

“पावणं, तुमचं कार्ड न्हाय निघत,” टेबलामागच्या माणसानं आधार कार्डावरचं साल बघितलं आणि कार्ड परत सरकवलं. “सत्तर पुरी लागत्यात. तुमची अडुसष्टच झाल्यात.”

“माझी एकाहत्तर झाल्यात,” आकाराम म्हणाला.

“कागदावर न्हाईत न्हवं.”

कसबा बावड्यातल्या विरंगुळा केंद्रात दर मंगळवारी हे टेबल लागायचं. सत्तरी ओलांडलेल्यांना उपचारासाठी सरकारी विम्याचं कार्ड मिळतं, ते काढून द्यायला निवृत्त कारकून तिथं फुकट बसत. तसं सगळं मोबाइलवरच होतं म्हणतात. पण आकारामच्या मोबाइलनं चार दिवस नुसतं चक्र फिरवलं आणि शेवटी ‘पात्र नाही’ म्हणून हात झटकले. मोबाइलशी भांडता येत नाही. समोरासमोर माणूस असला की काही ना काही वाट निघते, हा आकारामचा जन्मभराचा अनुभव. म्हणून तो बायकोला घेऊन आला होता.

“अवो, जरा बघा की,” बाळाबाई पदरानं वारा घेत म्हणाली. “ह्यांच्या काळजाची झडप खराब झालीया. डाक्टर म्हणालं, दोन म्हैन्यांत आपरेशन करा, न्हाय तर माणूस हाताला लागायचा न्हाय. घरच्या कार्डावरचं सगळं पैसं माझ्या किडनीतच संपलं. म्हाताऱ्यांचं येगळं मिळतं म्हणून आलो.”

तो माणूस मवाळला. “एवढं घाबरू नका, वैनी. निम्म्या जिल्ह्याचं असंच हाय. गावच्या जन्माची जुनी नोंद कोतवाल बुकात असती. तहसीलीतनं तिचा उतारा काढायचा, आधार दुरुस्त करून घ्यायचं, मग हितं यायचं. तहसीलदारांचा अर्ज मी लिहून देतो. कारण लिवू, साल शाळेत चुकीनं लागलं.”

आकारामला हायसं वाटलं. एवढ्या सुबक अक्षरात ती ‘चूक’ कागदावर उतरली की त्यालाही क्षणभर खरी वाटली.

“आता पूर्ण नाव सांगा.”

“आकाराम केरबा चौगले. गाव राधानगरीकडं.”

पेन थांबलं. त्या माणसानं चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या म्हाताऱ्याचे मोडलेले, गोळा झालेले कान बघितले.

“आकाराम पैलवान? आरं, मी जयसिंग! त्र्याहत्तर साली खासबागंत कुमार गटाची कुस्ती झालती आपली. तूच पाडलंतास मला!”

आकाराम बघतच राहिला. खासबागेचं नाव निघालं आणि पन्नास वर्षांमागची तालीम अंगावर चालून आली. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली तांबडी माती. पहाटेच्या बैठका मोजणारा वस्तादांचा घोगरा आवाज. खलबत्त्यात बदाम कुटण्यावरून पोरांची चाललेली भांडणं. आकाराम सुखाचे दिवस म्हणायचा ते तेवढेच. पुढं आयुष्य गेलं म्हशींच्या धारा काढण्यात.

“आमचं बाबा हुतं त्या मैदानात,” बाळाबाई खुलली. “घरी येऊन म्हणालं, पोरगी दीन तर ह्याच पैलवानाला. माझं लगीन त्या कुस्तीनंच जमलं बघा.”

“आन् माझी तालीम त्या कुस्तीनंच सुटली,” जयसिंग हसत म्हणाला. “आमचं आबा लई कडक. म्हणालं, तुझ्याच वयाच्या पोरानं तुला आस्मान दावलं, तुझ्यात दम न्हाय. दुसऱ्या दिवशी लंगोट काढून घेतला आन् टायपिंगच्या क्लासला घातलं. जाईस्तवर हेच म्हणायचं, ह्यो लिवणाराच गडी. खरंच हुतं म्हणा. दम असता तर पडलो असतो व्हय?”

हसत म्हणाला खरा, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं. आकारामला ते बघवेना. अर्ज समोर तयार होता. खाली सही केली की काम फत्ते. कोण कुणाला विचारतंय? बाळाबाईनं त्याच्या दंडाला हळूच ढोसलं. “करा की सही.”

“जयसिंग, ती चूक खोड.”

“कुठली?”

“शाळेत चुकीनं लागलं, ती. चुकीनं न्हाय लागलं. वस्तादांनी हेडमास्तरला सांगून दाखल्यावर तीन वरसं खाली वडली. मला कुमार गटात खेळवाय. तवा मी एकोणीसचा हुतो, गड्या. मिसरूड काढून उभा केलता मला.”

बाळाबाईचा पदर थांबला. “आन् मला पन्नास वरसं काय सांगत आलासा?”

आकारामनं मान खाली घातली. पडण्याची सवय नसलेला माणूस, त्याला कसं पडावं तेही कळेना.

जयसिंगनं पेन खाली ठेवलं. रांगेतून कोणीतरी “अवो, आमचा नंबर कवा?” म्हणून ओरडलं, त्याला त्यानं नुसता हात दाखवला.

“म्हंजी मी सोळाचा आन् तू एकोणीसचा.”

“व्हय.”

“किती येळ टिकलो रं मी? मला कायच आठवत न्हाय. नुसती माती आठवती.”

घरी आकाराम दोन मिनिटांत पाडला म्हणून सांगायचा. “सात मिनिटं,” तो म्हणाला. “आनखी एक लागलं असतं तर मीच बसलो असतो. तुझा पट लई वंगाळ हुता. पायच सोडत न्हवतास.”

“सात,” जयसिंग म्हणाला. अडुसष्ट वर्षांचा माणूस खुर्चीत ताठ होऊन बसला. “आबास्नी हे ऐकाय पायजे हुतं. जाऊन तीस वरसं झाली.”

त्यानं पेन उचललं, ‘चुकीने’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘कुस्तीसाठी’. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता. एक कोपरा त्यानं धरला, दुसरा आकारामनं, आणि आकारामनं सावकाश, पूर्ण नावाची सही केली.