कठडा राहिला होता

मित्रांनो, माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला की माझं डोकंच फिरतं. मी टेबल नाही. मी ड्रॉइंग बोर्ड आहे, इमारतींचे नकाशे काढायचा लाकडी बोर्ड, आणि आता चांगला म्हातारा झालोय. हल्लीची मुलं कॉम्प्युटरवर नकाशे काढतात, त्यांना मी कुठून ठाऊक असणार? त्यांचा तरी काय दोष म्हणा! पण आधी कप उचला. मग सांगतो.

एका सुताराने मला घडवलं. हलक्या, मऊ लाकडाच्या फळ्या त्याने एकमेकींना जोडल्या, मागून दोन पट्ट्या ठोकल्या आणि मग तो मला रंधा मारत बसला. मधूनच एक डोळा मिटून माझ्यावरून नजर टाकायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "अजून पोट आहे याला." शेवटी एकदाचं पोट गेलं आणि मी सपाट झालो. लाकूड मऊ का, तर टाचणी सहज घुसावी म्हणून. पण मऊ असण्याचा एक ताप असतो. कुणी दाबून रेघ ओढली की ती कागदावर उमटते तशी माझ्या अंगावरही उमटते. कागद गुंडाळून नेता येतो, रेघ मात्र माझ्यापाशीच राहते.

मला विकत घेणारा मुलगा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होता. धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून माझ्यासाठीही तो दादाच. ती तेव्हा एवढीशी होती. दादा कामाला बसला की माझ्याभोवती घिरट्या घालायची, म्हणून त्याने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं.

"मुंगे, शीटवर हात नको."

"मग कुठे ठेवू?"

"खिशात."

"मला खिसाच नाहीये!"

मग तो हसायचा आणि तिला पेन्सिलीला टोक काढायला बसवायचा.

दादाचा हात फार जड. त्याच्या कॉलेजातल्या मॅडम रोज ओरडायच्या, "अरे, शीटखाली एक जाड कागद घाल. त्या बोर्डाची पार वाट लावतोयस." दादा हो म्हणायचा आणि विसरायचा. मॅडमची दुसरी शिकवण मात्र त्याने लगेच उचलली. त्या सगळ्यांना सांगायच्या, "नाक शीटला लावून बसू नका. मागे सरा आणि मग बघा. जवळून नुसती रेघ दिसते, लांबून इमारत दिसते." झालं! दादाला तो नादच लागला. जरा काही काढलं की मला भिंतीला टेकवायचा, मान तिरकी करायचा आणि मागे मागे सरत जायचा. एकदा कपाटावर आदळला. एकदा धुण्याची बादली घेऊन येणाऱ्या आईवर आदळला, आणि दोघं नखशिखांत भिजली.

"पाठीला डोळे फुटलेत का रे तुला?" आई म्हणाली. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. मीही मनातल्या मनात हसलो होतो.

शेवटच्या वर्षाला दादाने एक वाचनालय कागदावर काढायला घेतलं. त्याला मोठी मोकळी गच्ची होती, लोकांनी वर बसून वाचावं म्हणून. त्या गच्चीची कड त्याने एका दमात ओढली. इतकी लांब आणि स्वच्छ रेघ त्याने आधी कधी काढली नव्हती. मॅडम बराच वेळ ती बघत राहिल्या.

"सुंदर आहे. पण कठडा कुठे आहे?"

"तो नंतर दाखवतो, मॅडम. आत्ता रेघ जरा स्वच्छ दिसू दे."

मित्रांनो, ही या मुलांची जुनीच खोड. कठड्याच्या बारीक उभ्या रेघांनी चित्र गजबजतं, म्हणून सगळे तो शेवटी काढतात. मॅडमनाही ते माहीत होतं. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दादाने ज्या ऑफिसात शिकाऊ म्हणून उमेदवारी केली होती, त्यांचं एका घराचं काम चालू होतं. त्यातली वरच्या मजल्यावरची एक भिंत दादाच्या नकाशावरून बांधली होती. कागदावरून उठून खरी उभी राहिलेली त्याची ती पहिलीच भिंत. ती पूर्ण झाल्याचा निरोप आला तेव्हा वाचनालयाची शीट माझ्यावर तशीच चिकटवलेली होती. "मुंगे, माझी भिंत बघून आलोच," असं म्हणून तो निघाला.

संध्याकाळी साइटवरचा सुपरवायझर आमच्या दारात उभा होता. आत ये म्हटलं तरी आत येईना. "भिंत बघत होता," तो म्हणाला. "खूप खूश होता हो. म्हणाला, जरा लांबून बघतो. आणि मागे सरला."

"कठडा नव्हता?" बाबांनी विचारलं.

"बसवायचाच होता. नंतर."

दादा गेला. बाबांनी माझ्यावरची शीट काढली आणि मला तोंड भिंतीकडे करून कपाटामागे सारलं. तिथे मी वर्षानुवर्षं राहिलो. घरात पूर्वी केवढा गोंगाट असायचा, आता नुसती भांडी वाजायची. गॅलरीच्या दाराला कुलूप लागलं. आरशात बघताना मुंगी एक पाऊल जरी मागे सरली, तरी आईच्या हातातलं भांडं खाली पडायचं. आई गुपचूप भांडं उचलायची आणि मुंगी आरशाजवळ सरकायची. हवा दमट झाली की माझं लाकूड फुगायचं, आणि दादाची ती लांब रेघ माझ्या अंगात ठणकायची. मला वाटायचं, तो अजून ती ओढतोच आहे. तो अजून मागेच सरतो आहे. भुतं असतात का, ते मला ठाऊक नाही. पण त्या घरातली सगळी माणसं मागे सरायला भीत होती, एवढं मी कपाटामागूनही ओळखलं होतं.

मुंगी मोठी झाली आणि एक दिवस म्हणाली, "मी आर्किटेक्चरला जाणार."

"या घरातून एक गेला तेवढा पुरे झाला," बाबा म्हणाले.

"मी जाणार, बाबा. आणि बोर्ड मला नवा नको. दादाचाच हवा."

आईने मला ओढून बाहेर काढलं, जाळी झटकली आणि ओल्या फडक्याने पुसलं. पुसताना तिची बोटं एका खाचेत अडकली. तिने फडकं तिथेच टाकलं आणि ती आत निघून गेली.

कॉलेज तेच, मॅडमही त्याच, फक्त केस पांढरे झालेले. मुंगीही शीटखाली जाड कागद घालायची नाही. दादा घालायचा नाही तो विसरायचा म्हणून, ही मात्र मुद्दाम. कारण पातळ शीटवर तिची पेन्सिल चालता चालता खड्डकन दादाच्या खाचेत उतरायची, आणि तिच्या नकाशात नको असलेली एक रेघ उमटायची. मग ती वाकून हळूच म्हणायची, "दादा, सोड ना. माझी मला काढू दे." म्हणायची सोड, पण खाच बुजेल असं काही करायची नाही. मला तिची फार दया यायची.

मॅडम अजूनही सगळ्यांना सांगायच्या, "मागे सरा आणि मग बघा." मुंगीच्या टेबलापाशी आल्या की मात्र खाली बघायच्या आणि न बोलता पुढे जायच्या. मुंगी भिंतीला पाठ लावून बसायची ती दिवसभर तशीच, नाक शीटला टेकवून. दादाने तिला ठेवलेलं नाव तिने अगदी खरं करून दाखवलं.

असं करत करत ती कशीबशी शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचली. तिने शीटवर एक छोटी शाळा काढली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शीट भिंतीवर लावली आणि कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या शाळेच्या दारातून उंदीर कसाबसा जाईल, आणि खिडकीतून हत्ती! हे कधी लांबून बघितलंस का?"

मुंगी शीट भिंतीवरून उतरवू लागली. शेवटी परीक्षक म्हणाले, "शेवटच्या परीक्षेला हे असंच आणलंस तर आम्ही पास करू शकणार नाही." पास नाही म्हणजे पदवी नाही, आणि पदवी नाही म्हणजे स्वतःच्या सहीने इमारत उभी करायचा परवाना कधीच नाही. मुंगी मला उचलून घरी आली आणि कपाटाजवळ उभी राहिली. "मी सोडतेय," ती आईला म्हणाली. "मला नाही जमणार."

पण मला कपाटामागे सारण्याआधी तिने एक गोष्ट केली. तिने माझ्यावर एक पातळ कागद पसरला, पेन्सिल आडवी धरली आणि ती हलक्या हाताने कागदभर घासू लागली. नाण्यावर कागद ठेवून घासलं की नाणं उमटतं ना, तसं. जुन्या रेघांच्या गुंत्यातून करड्या रंगात पांढऱ्या रेघा वर येऊ लागल्या. आधी जिना आला. मग खांब आले. मग खिडक्या, एकेक करून. आणि शेवटी, सगळ्यांत खोल, ती गच्चीची कड. दादाचं अख्खं वाचनालय माझ्या पोटातून वर येऊन तिच्यासमोर उभं राहिलं. माझं लाकूड शहारलं, खोटं सांगत नाही.

आई घड्या केलेले कपडे घेऊन दारात थांबली होती. कपडे खुर्चीवर ठेवून ती जवळ आली. इतक्या वर्षांत तिने कुठलाही नकाशा डोळ्यांसमोर धरला नव्हता. तिने गच्चीच्या कडेवर बोट ठेवलं.

"इथे काही नाही का गं?"

"नाही. कठडा राहिला होता त्याचा."

"मग काढ."

मुंगीने उभ्या रेघा काढायला सुरुवात केली. काही काढल्या आणि ती मध्येच थांबली. आईने तिच्या हातातून पेन्सिल घेतली. "दे इकडे," म्हणाली आणि ओठ दाबून एक रेघ ओढली. इतकी जोरात, की टोकच मोडलं. मग ती पेन्सिल धरून रडली. घरात इतकं मोठ्याने कुणी रडलं नव्हतं, दादा गेला त्या दिवशीही नाही. मुंगीही रडली. दोघी रडून रडून थकल्या.

मग आईने डोळे पुसले आणि मला भिंतीला टेकवलं. "आता मागे सर. बघ तुझ्या दादाने काय काढलंय ते."

"मला नाही जमत, आई. पाय उचलत नाही."

आई मुंगीच्या मागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "मी आहे मागे. ये. सर."

मुंगी एक पाऊल मागे सरली. मग दुसरं. तिची पाठ आईच्या तळहातांना लागली, आणि तिने मान वर करून पहिल्यांदा अख्खी इमारत बघितली.

दुसऱ्या दिवशी मुंगीने माझ्यावर जाड कागद लावला आणि त्यावर आपली शाळा पुन्हा काढली. परीक्षेच्या दिवशी शीट भिंतीवर लागली तेव्हा मॅडम तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर मागे. बघ." मुंगीने आधी मान वळवून मागे बघितलं आणि मग सरली. शाळेत दार होतं, खिडक्या होत्या, गच्चीला कठडाही होता. ती पास झाली. उमेदवारी झाली, परवाना मिळाला, आणि त्या दिवशी बाबांनी गॅलरीचं कुलूप काढलं.

आता साइटवर तिला सगळे कठडा मॅडम म्हणतात. स्लॅब ओतून झाला की पहिला कठडा, मग बाकीचं. गवंडी चेष्टा करतात, "मॅडम, पाखराला पण वर बसू देणार नाही का?" ती म्हणते, "पाखराला पंख आहेत." मी तिच्या ऑफिसात पडून असतो. तिच्याकडे शिकणारं कुणी भिंतीवरचा नकाशा बघत मागे सरायला लागलं, की ती हातातलं काम टाकून उठते आणि नकळत त्याच्या मागे जाऊन उभी राहते.

तर मित्रांनो, बघायला मागे जरूर सरा, पण आधी मागे काय आहे ते बघा, आणि कठडा कधी नंतरवर टाकू नका. माझ्यावर कप तर मुळीच ठेवू नका. त्यापेक्षा बोट फिरवून बघा. ती लांब, खोल रेघ दादाची आहे. तिच्यावरच्या बारीक उभ्या रेघा मुंगीच्या. आणि त्यांत एक वाकडी आहे, टोक मोडलेली. ती आईची. तिच्यावरून बोट जरा हळू फिरवा.