लाईट नसताना बरं वाटलं

सहा वर्षं माझं पोट दुखतंय आणि सहा वर्षं मी ते दुखतंय म्हणून सांगत बसलेय. सांगण्याचाच जास्त वीट आलाय.

आतड्याला जखमा होत्या तोवर तरी ठीक होतं. रक्त पडायचं, ते लोकांना दिसायचं. औषधांनी जखमा भरल्या, रिपोर्ट चांगले आले, आणि दुखणं मात्र जागच्या जागी. मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूला दुखण्याची सवय लागलीय. कपाळाला पट्ट्या लावून बारीक करंट देऊन बघू. प्रयोग आहे, खात्री देत नाही. दहा वेळा यावं लागेल."

आमच्या ह्यांनी त्यातलं नेमकं एवढंच उचललं, "म्हंजे डोस्क्यातच हाय तुझ्या!"

तरी मी रहिमतपुराहून पॅसेंजरनं जायला लागले. सोबत सासूबाई. तिसऱ्या खेपेला पट्ट्या लावल्या आणि पाच मिनिटांत लाईट गेली. पंखा थांबला. मी डोळे मिटून पडले होते. कितीतरी दिवसांनी पोटातला पीळ सैल पडला आणि मी बावळटासारखी बोलून गेले, "आत्याबाई, बरं वाटतंय."

झालं! दुसऱ्या दिवशी गल्लीभर तेच. "लाईट न्हवती, तरी हिला गुण आला!" हे तर फौजेत सिग्नलमधले हवालदार, वायरी जोडण्यात हयात गेलेली. म्हणाले, "करंटच न्हाई तर गुण कशाचा? निव्वळ ढोंग. मिरज बंद."

दुखतंय म्हटलं तरी मी खोटी, थांबलं म्हटलं तरी खोटी! आता या माणसांपुढं करावं तरी काय? चार दिवसांत पोट पुन्हा पिळायला लागलं. पाचव्या दिवशी मी एकटीच स्टेशनवर गेले. हे मागोमाग आले, डॉक्टरणीला जाब विचारायला.

बाईंनी ऐकून घेतलं आणि मशीनचं झाकण काढलं. आत चौकोनी सेल. "डोक्याला भिंतीतल्या प्लगचा करंट कोण देईल, हवालदार?"

ह्यांना तेवढ्यानं पटेना. हट्टानं पट्ट्या स्वतःच्या कपाळाला लावून घेतल्या.

"आयला, मुंग्या येत्यात! खरंच चालू हाय की गं!" असे खूश झाले, जणू स्वतःच शोध लावला. "धा काय, ईस डाव ये आता!"

माझं डोकंच फिरलं. "आवं, मशीनवर एका मिंटात इस्वास बसला तुमचा. मी सा वर्सं सांगतीया."

पट्टी कपाळाला चिकटली होती, ती हे सोडवत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "लय दुखतंय का गं?"

सहा वर्षांत हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही रागच आला.